कंपनीचा सेट आणि चाचांचे कान

गाडीच्या दाराचं पॅनेल उघडलं की आत काय काय सापडतं, ते तुम्हाला सांगून पटायचं नाही. खजुराच्या बिया, हेअरपिना, लहान मुलाचा एकच बूट, एकदा तर अख्खी कवळी! मालकाला दाखवली तर म्हणतो, "ही आमच्यातल्या कुणाचीच नाही." मग कुणाची बाबा? आम्ही असल्या वस्तू एका डब्यात टाकून ठेवतो. किस्स्यांचंही तसंच झालंय. मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत. रोज दारं उघडत गेलो आणि ते साठत गेले.

आमचं दुकान दोह्यात, सलवा रोडच्या मागच्या गल्लीत. काम एकच. गाडीतला कंपनीचा सेट काढायचा आणि बाहेरचा बसवायचा. नवा स्क्रीन, नवे स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर, डिकीत बास. तुम्ही म्हणाल, एवढ्या भारी गाडीत कंपनीचा आवाज वाईट असतो का? अहो, असतो! लेदर बघून लोक गाडी घेतात, स्पीकर कोण बघतंय?

मी विलास, मूळचा कोरेगावकडचा. वायरिंग माझं. प्रकाश परभणीचा, पॅनेल उघडणं आणि ओरखडा न काढता परत बसवणं त्याचं. मालक बू नासर, म्हणजे नासरचा बाप. कतारी माणूस, बोलायला कमी आणि बघायला कडक. आणि दाऊदचाचा, रत्नागिरीकडचे. सगळं बसवून झालं की चाचा गाडीत बसून आवाज जुळवतात. ते ट्यूनिंग त्यांचं. लोक दुकानाची पाटी बघून येत नाहीत, चाचांच्या कानांसाठी येतात.

मी ह्या धंद्यात जे शिकलो ते सगळं चाचांकडून. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांची चेष्टा करायला मी मोकळा!

* * *

चाचांची ट्यूनिंगची पद्धत जगावेगळी. इंजिन बंद, एसी बंद, चारही काचा वर. का, तर एसीच्या पंख्याचा आवाज मध्ये येतो. जुलैमधल्या दोह्यात! बाहेर आलेला माणूस विहिरीतून काढल्यासारखा दिसतो.

आणि ट्यूनिंगला गाणं लावायचं नाही. "माणसाचा आवाज नीट आला ना, की गाणा आपोआप नीट येतो," हे त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांच्या मुलीचं, शाहीनचं रेकॉर्डिंग असतं. शाहीन गावाकडे फार्मसी शिकते. अभ्यास मोठ्याने वाचायची सवय आहे तिला, तेच वाचन ती बापाला पाठवते. त्यामुळे आमच्या दुकानातली प्रत्येक गाडी औषधांची माहिती ऐकून बाहेर पडते.

एकदा द पर्ल ह्या बड्या लोकांच्या वस्तीतून एक इजिप्शियन डॉक्टर आले. गाडी घ्यायला आत बसले, तर शाहीन इंग्रजीत कुठल्यातरी गोळीबद्दल वाचत होती. कधी घ्यायची, किती घ्यायची, कुणी घ्यायची नाही. डॉक्टरांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. आम्ही तिघे बाहेर हात बांधून उभे.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "साउंड फर्स्ट क्लास! फक्त त्या मुलीला सांगा, किडनीच्या पेशंटचं वाचायचं राहिलं."

चाचांनी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. डॉक्टरांनी गाडीतूनच तिला समजावून सांगितलं, तेही नव्या स्पीकरवर. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आता किडनीच्या पेशंटला काय द्यायचं नाही हे प्रकाशलाही पाठ आहे.

* * *

प्रकाशचा विषय निघालाच आहे तर.

नवा सेट बसवला की ब्लूटूथ चालतं का ते बघायला आम्ही आपलाच फोन जोडतो. बघून झालं की तोडायचा. प्रकाश विसरला. गिऱ्हाईक, एक तरुण कतारी, गाडीत येऊन बसला, स्टार्टर दाबला, आणि परभणीहून प्रकाशच्या बायकोचा फोन आला. गाडीनेच उचलला!

"अवो, कवापासून फोन करायले मी! गावभर हिंडायला टाइम हाय, बायकोशी दोन शब्द बोलायला न्हाई? मामंजींच्या चष्म्याचं काय केलं? न्हाई ते न्हाई, पोरगं इकडं विचारायलंय, पप्पा हायेत का गेले!"

दाराचे स्पीकर, डॅशबोर्डचे स्पीकर, डिकीतला बास. सगळीकडून वहिनी! प्रकाश जागच्या जागी गार. फोन त्याच्या खिशात, पण हात खिशापर्यंत जाईना.

गिऱ्हाईकाने चाचांना विचारलं, "ही बाई काय म्हणतेय?"

चाचा एका क्षणाचाही वेळ न घालवता म्हणाले, "साउंडची तारीफ करतेय."

तो माणूस हसला. म्हणाला, "माझी बायकोही अशाच आवाजात तारीफ करते. यल्ला, राहू दे. पूर्ण होऊ दे तिचं."

आणि खरंच, वहिनींचं पूर्ण होईपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.

* * *

इकडच्या गाड्यांची एक गंमत आहे. एकशेवीसच्या वर गेलात की गाडी टुंगटुंग करून ओरडायला लागते. काही अमेरिकन गाड्यांत हा आवाज कंपनीच्या सेटमधूनच येतो. सेट काढला की टुंगटुंग गेलं. ते राहायला हवं असेल तर एक छोटा डबा वेगळा जोडावा लागतो.

अल दुहैलचा एक कॉलेजचा पोरगा गाडी घेऊन आला. "सगळं कंपनीचं काढा, सगळं! मला तो आवाज नको." आवाज कुठला, ते आम्हाला कळलं. पोरगा गेला आणि तासाभरात त्याचा बाप हजर. अगदी हळू आवाजात म्हणाला, "सेट पाहिजे तो लावा. पण तो टुंगटुंगवाला डबा जोडाच. त्याला सांगू नका. एकुलता एक आहे हो."

बापाचं तोंड बघून आम्हालाच गलबलून आलं. आपलीही पोरं आहेत गावाकडे, मोटरसायकली पिटाळणारी. चाचा म्हणाले, "जोड रे विलास, दोन वायरी जास्त आवळून जोड."

पोरगा आठवड्याने परत आला. "हे अजून ओरडतंय!" आम्ही माना हलवल्या. "कंपनीचं काम आहे सर, आमच्या हातात नाही." बिचारा गेला.

दुसऱ्या दिवशी बाप आला. चाचांचे दोन्ही हात हातात घेतले, शंभरदा शुक्रन म्हणाला, डोळ्यांत पाणी. मग स्वतःची गाडी आत घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "माझाही सेट बदला. मात्र तो डबा जोडू नका."

चाचांनी त्यालाही जोडला!

* * *

रमजानमध्ये चाचा रोजे ठेवतात आणि तरी बंद गाडीत बसून ट्यूनिंग करतात. आम्ही दोघं लाजून पडद्यामागे जाऊन पाणी प्यायचो. चाचांनी पकडलं. "अरे, रोजा माझा हाय, तुमचा नाय. पाणी प्या, नायतर स्पीकर उलटे बसवाल."

ह्याचा परिणाम प्रकाशवर भलताच झाला. म्हणाला, "उद्या म्या बी ठेवणार. चाचांसाठी." सकाळी एकदम जोशात. दुपारी बोलणं बंद. त्यानंतर प्रकाश कुठे दिसेना. शोधलं तर एका लँड क्रूझरच्या डिकीत बासच्या डब्याशेजारी आडवा! तोंडावर गाडी पुसायचं फडकं.

चाचांनी फडकं उचललं आणि म्हणाले, "रोजा मी ठेवलाय, बेशुद्ध तू कशाला पडतोस?"

"मेलो बगा चाचा, लई वंगाळ व्हायलंय."

चाचांनी स्वतः त्याला उठवून बसवलं, लबान, म्हणजे इकडचं ताक, पाजलं आणि वर सांगितलं, "तुझा अर्धा झाला. उरलेला अर्धा मी सांभाळतो." संध्याकाळी इफ्तारला पहिला खजूर त्यांनी प्रकाशच्या हातावर ठेवला. प्रकाशने मान फिरवली, पण रडला तो, मी बघितलं.

* * *

आता थोडं खालच्या आवाजात सांगतो.

एका गाडीत माझं अर्थिंग ढिलं राहिलं होतं. असं झालं की इंजिन चालू करताच स्पीकरमधून बारीक शिट्टी वाजते, ॲक्सिलरेटर दाबला की चढते. चाचांनी शेवटी इंजिन चालू करून तपासलं आणि गाडीतून उतरले. "क्लीन! दे गाडी." मी आत डोकं घातलं तर शिट्टी वाजतेय. चांगली कुकरसारखी!

मला वाटलं चाचा माझी परीक्षा घेतायत. त्यांच्याकडे बघून हसलो. ते हसले नाहीत.

मग एक दिवस ते म्हणाले, "शाहीन हल्ली पुटपुटते रे. अक्षरं खाते. अभ्यासाने दमली असेल पोर." मी तेच रेकॉर्डिंग ऐकलं. पोरगी ठणठणीत बोलत होती. एकेक अक्षर सुटं.

"असेल चाचा," मी म्हटलं. पण माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं. अल मन्सूरातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात चहा मागवला आणि स्वतःच सांगितलं. "जाड आवाज येतो विलास. बारीक आवाज गेले. पाखरं गेली, शिट्टी गेली, बायकांची बोलणी अर्धी गेली. डॉक्टर बोलला, परत यायचे नाय." चहा तसाच ठेवून म्हणाले, "बू नासरला कळला तर तो मला ठेवील कशाला? ट्यूनिंगवाल्याचे कानच नाय, मग राहिला काय? शाहीनचा हा शेवटचा वर्ष. तेवढा निघू दे, मग मी आपला गावाला जातो."

मी म्हटलं, "चाचा, निघणार. आम्ही आहोत ना."

* * *

म्हणजे काय, तर मी आणि प्रकाशने खुणा ठरवल्या. चाचा गाडीत, आमच्यातला एक बाजूच्या सीटवर. आवाज टोचायला लागला की नाकाला हात, दबला की कानाला हात. चाचा बटण फिरवणार, आमच्याकडे बघणार, परत फिरवणार. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोघं मुक्याने भांडतायत. पण गाड्या बरोबर निघत होत्या. बटण कुठलं आणि किती, ही अक्कल चाचांचीच, आम्ही फक्त उसने कान.

फक्त एकदा घोळ झाला. प्रकाशला सर्दी झाली!

तो आपला दर मिनिटाला नाक पुसतोय आणि चाचा दर वेळी बारीक आवाज कमी करतायत. प्रकाशला ते कळेपर्यंत गाडीचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला होता. वर तो जीव तोडून कान खाजवतोय, तर चाचांना वाटलं ह्याला ताप चढलाय. त्याला सरळ घरी पाठवून दिलं!

आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. एक रिटायर व्हायला आलेले गोव्याचे अकाउंटंट. मी वायरिंग तपासायच्या निमित्ताने त्यांना थोपवायला गेलो, पण ते बसलेच आत. दार लावलं. मी देवाचं नाव घेतलं.

काका बाहेर आले ते हात जोडून. "बायकोने हट्ट केला म्हणून आलो हो. मला कंपनीचाच आवाज आवडायचा. तुम्ही सगळं बदललंत आणि आवाज अगदी कंपनीसारखा ठेवलात! असं काम दोह्यात दुसरं कोणी करणार नाही."

हे मात्र खरं होतं.

* * *

आता शेवटचा सांगतो.

प्रकाश बहिणीच्या लग्नाला परभणीला गेला होता. त्याच आठवड्यात बू नासरने स्वतःच्या आईची गाडी आणून उभी केली. म्हातारी मागच्या सीटवर बसते, दिवसभर इकडेतिकडे बहिणींकडे जाते आणि रेडिओ ऐकते. तिची तक्रार अशी की रेडिओ बिघडलाय. कंपनीवाल्यांनी दोनदा तपासला, बिघाड काही सापडेना. "सगळं काढून टाका," बू नासर म्हणाला. "दुकानात असेल ते सगळ्यात चांगलं बसवा. आईची गाडी आहे. दावूद, तू स्वतः कर." त्याच्या तोंडी चाचांचं नाव असं यायचं.

पॅनेलं मी उघडली, वायरिंग मी केलं, स्पीकर मी बसवले. आता ट्यूनिंगला मी चाचांच्या बाजूला बसणार, तर बू नासरने हाक मारली. द पर्लवर एका गिऱ्हाईकाची गाडी आत्ताच्या आत्ता पोचवायची होती. मी म्हटलं, "थोड्या वेळाने जातो." तो म्हणाला, "आत्ता." चाचांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, जा.

सगळा रस्ता माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

परत आलो तेव्हा म्हातारीच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बू नासर बसलेला आणि दार उघडं. रेडिओ लागलेला होता. मला रस्त्यावरूनच ऐकू आलं. काय सांगू! पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. प्रत्येक स, प्रत्येक श कानात घुसत होता. चाचांनी आपल्या कानांना नीट लागेपर्यंत बारीक आवाज वाढवत नेला होता, आणि त्यांच्या कानांना नीट लागायला तो कितीतरी वाढवावा लागला होता.

बू नासरने रेडिओ बंद केला. खाली उतरला. मग विचारलं, "दावूद, खरं सांग. तुला हे चांगलं वाटतं?"

चाचा म्हणाले, "हो."

"कान?"

मी मध्ये पडायला गेलो. म्हटलं, "बू नासर, चूक माझी, वायरिंगमध्ये..." चाचांनी माझ्या दंडाला धरून मागे केलं. ताठ उभे राहिले आणि स्वच्छ सांगून टाकलं. "गेले, बू नासर. बारीक आवाज येत नाय. मी तुमच्यापासून लपवला."

बू नासरने तोंडावरून हात फिरवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "खलास, दावूद. ईद इथे कर. मग तुझ्या तिकिटाचं बघू." चाचांनी मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर शाहीनचं ते शेवटचं वर्ष.

एवढ्यात दुसरी एक गाडी येऊन थांबली आणि म्हातारी उतरली. आपल्या गाडीसाठी तिला दम निघत नव्हता. काठी टेकत सरळ आपल्या गाडीकडे. बू नासर आडवा गेला. "यूम्मा, अजून झालेली नाही. आवाज बिघडलाय, उद्या नीट करून देतो." म्हातारीने त्याला काठीने बाजूला केलं, मागच्या सीटवर आपल्या जागी बसली आणि सोबत आलेल्या ड्रायव्हरला म्हणाली, "लाव."

रेडिओ लागला. लोक फोन करून प्रश्न विचारतात आणि एक शेख उत्तरं देतात, तो कार्यक्रम चालू होता. एक बाई भरभर काहीतरी विचारत होती. आमचे दात आंबले. बू नासरने कमी करायला पुढे हात घातला, तर म्हातारीने त्या हातावर चापट मारली. एवढा मोठा माणूस, हात चोळत मागे झाला.

बाईचा प्रश्न संपला. शेखांचं उत्तर संपलं. दुसऱ्या बाईचा फोन लागला. म्हातारी पुढे वाकून ऐकत होती आणि हसत होती. चालू कार्यक्रमातच तिने मुलाचा हात ओढून जवळ घेतला आणि म्हणाली,

"वलदी, इतकी वर्षं मला ह्यातली नुसती उत्तरं ऐकू येत होती. बायका काय विचारतात ते आज कळलं!"

बू नासर तसाच वाकलेला राहिला. म्हातारी विचारत होती, कुणी केलं हे, कुठे आहे तो, त्याला माझा सलाम सांग. कार्यक्रम संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग बू नासरने दार हळूच लावलं, वळला आणि तिथूनच, पुटपुटल्यासारखं, चाचांना म्हणाला, "दावूद, उद्या सकाळी माझ्या सासूची गाडी येईल. नंतर मोठ्या मावशीची. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तू कुठेही जायचं नाहीस."

चाचा बॉनेटच्या पलीकडे उभे होते, घाम पुसत. ते माझ्याजवळ सरकले आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं,

"काय बोलला रे? तिकीट कधीचा?"